तिचा स्वतःचा होकार

"नाही!"

भाजीचं पातेलं आत्याने जरा जोरातच टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थबकले. दादाचा घास ओठांशी अडला, शेजारच्या काकूंनी डोळे टिपायला उचललेला रुमाल अधांतरीच राहिला, आणि चिमणी... जिच्या कौतुकासाठी आज दुपारी ही सगळी पंगत जमली होती ती चिमणी तर आत्याकडे अशी बघत राहिली, जणू घरातली एखादी भिंतच अचानक बोलली होती! कारण या घरात आत्याने आजवर कशालाच 'नाही' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पाहुणे आले, नाही म्हटलं नाही. आजारपणं आली, नाही म्हटलं नाही. दादाच्या पाणीपुरवठा खात्यातल्या रात्रपाळ्या, तात्यांचा तापट स्वभाव, चिमणीच्या गोवर-कांजिण्या, सगळं तिने हसतमुखाने अंगावर घेतलं. तिला खरं म्हणजे आत्या म्हणायचा हक्क एकट्या चिमणीचा. पण गल्लीतल्या लहानथोरांची ती कधीच आत्या होऊन बसली होती.

झालं होतं ते असं. चिमणी, दादाची एकुलती एक लेक, हवामानशास्त्र शिकून मोठ्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि दूर समुद्रातल्या एका बेटावरच्या हवामान केंद्रात तिची तीन वर्षांसाठी निवड झाली होती. लहानपणापासून गच्चीवर तोंड वर करून ढगांना नावं देणाऱ्या पोरीला यापेक्षा काय हवं? उद्या होकार कळवायचा होता. पण जेवताना ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली,

"मी जाणार नाही. आजोबांचं असं झालंय, आत्याही आता थकलीय... आत्याने माझ्यासाठी सगळं सोडलं. देवाने तिला या घरासाठी राखून ठेवलं होतं ना? मग आता पाळी माझी आहे. हीच त्याची योजना असणार."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तात्या, दादा-आत्याचे वडील, बसले होते. गेल्या वर्षी झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, बोलणं अडखळत होतं. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे पाणावले.

"ऐकलंत, तात्या? नात शोभते तुमची! त्याच्या योजनेबाहेर पान हलत नाही. माझ्या बहिणीला, छोटीला, त्याने याच घरासाठी घडवलं, आणि आता माझ्या लेकीला..."

"अगदी खरं," काकू म्हणाल्या. "सगळं आधीच ठरलेलं असतं बाई!"

आणि तेव्हाच ते पातेलं आपटलं होतं.

"मला कोणी घडवलं नव्हतं, दादा," आत्या म्हणाली. तिचा एकेक शब्द सुटा येत होता. "मला कोणी राखूनही ठेवलं नव्हतं. मी राहिले. मी! माझ्या मनाने राहिले. आणि इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकानेही ते माझं म्हणून माझ्या पदरात टाकलं नाही. जो तो देवाचेच आभार मानत बसला!"

"छोटे!" दादा ताडकन उठला. "देवाच्या बाबतीत असं बोलतेस? आणि म्हणजे काय, आम्ही तुझ्यावर लादलं? इतकी वर्षं हे मनात साठवून आमच्या ताटात वाढत होतीस?"

आत्याने पातेल्यावर झाकण ठेवलं, सवयीने तात्यांच्या गळ्याशी लावलेला रुमाल नीट केला, आणि जिना उतरून ती खाली कारखान्यात निघून गेली.

*

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. सोफे, खुर्च्या, दिवाण यांना नवं कापड चढवायचं हे तात्यांचं काम, आणि त्यांचे हात थांबल्यापासून ते पूर्णपणे आत्याचं झालं होतं. भिंतीला गोणपाटाचे गुंडाळे, टोपलीत पिंजलेला काथ्या, डब्यात बारीक काळ्या चुका, म्हणजे कापड ठोकायचे छोटे खिळे. त्या चुका ओठांत धरून एकेक काढून ठोकायची तात्यांची पद्धत. त्यामुळे 'तात्यांच्या तोंडात कायम चुका असतात' हा गल्लीतला जुना विनोद होता, आणि तो सगळ्यांत जास्त तात्यांनाच आवडायचा.

आत्या एका उघड्या खुर्चीसमोर बसली. हात कामाला लागेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यातून तिला ती जुनी दुपार दिसत होती...

वहिनी चिमणीला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. वहिनी म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीणच! दादा दगडासारखा झाला, तात्या दिवसभर कारण नसताना हातोडी आपटत बसायचे, आणि कपड्यांच्या टोपलीत ठेवलेलं ते एवढंसं मूल रडून रडून निळं पडायचं. आत्या तेव्हा ऐन उमेदीत होती. पुलांच्या कामावरच्या एका अभियंत्याशी तिचं लग्न ठरलं होतं. नव्या पुलासाठी त्याला लांबच्या प्रदेशात जायचं होतं आणि तीही त्याच्याबरोबर जाणार होती. नदीकाठची लाकडी खोली, अंगणात दोन झाडं... सगळं त्याने तिला कागदावर काढून दाखवलं होतं.

त्या दुपारी ती वरच्या खोलीचं दार लावून देवापुढे बसली. हात जोडून, कळवळून तिने विचारलं, 'देवा, मी काय करू? जाऊ की राहू? तू म्हणशील ते करते. फक्त एक खूण दे!' तिने डोळे मिटून वाट पाहिली. पडदा हलला नाही. मनात कुठला आवाज उमटला नाही. खाली हातोडी वाजत होती, मूल रडत होतं, आणि वर... वर नुसती शांतता! तिने पुन्हा विचारलं, रडून विचारलं, रागावून विचारलं. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तरी उत्तर आलं नाही.

शेवटी ती आपणच उठली. खाली गेली, टोपलीतून मूल उचललं आणि छातीशी धरलं. इतकंच. ना वीज चमकली, ना घंटा वाजली. त्या जिवाने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि एक मोठा हुंदका देऊन ते गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी ती त्या अभियंत्याला स्टेशनाबाहेरच्या बाकावर भेटली. ऐकून तो बराच वेळ बूट जमिनीवर घासत बसला.

"तुला कोणी सांगितलं असं करायला? वडिलांनी? भावाने?"

"कोणीच नाही."

"देवाने?"

"त्यानेही नाही. खूप विचारलं, पण बोललाच नाही."

तो खिन्न हसला. "देवाने सांगितलं म्हणाली असतीस ना, तर मी भांडलो असतो, तुझ्याशी आणि त्याच्याशीही! पण तूच ठरवलंयस म्हटल्यावर मी काय बोलू?" जाता जाता तो एवढंच म्हणाला, "मूल भाग्यवान आहे." दोन वर्षांनी त्याचं लग्न झाल्याचं कळलं, तेव्हा ती एकांतात थोडी रडली, पण त्याचं भलं व्हावं असं तिला अगदी मनापासून वाटलं होतं.

आणि घरात? घरात काकूंनी हात जोडले, "बघा, देवाची योजना! हिला बरोबर वेळेवर मोकळी ठेवली त्याने." दादाने मान डोलावली. तात्यांनी वर पाहून डोळे मिटले. त्या दिवसापासून जो येई तो तेच म्हणे. ज्या देवाने तिच्या हाकेला ओ दिली नाही, त्यालाच सगळं श्रेय! ती रोज प्रार्थना करी, पण आत कुठेतरी एक काटा रुतलेला असे. माणसांवरचा रुसवा वेगळा आणि त्याच्यावरचा वेगळा... 'मी विचारलं तेव्हा गप्प का बसलास?'

*

"आत्या..."

चिमणी दारात उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. ती पुढे आली आणि काथ्याच्या टोपलीशेजारी खालीच बसली.

"खरं सांग. मी ओझं झाले तुला? माझ्यामुळे तुझं सगळं राहिलं... म्हणूनच बोललीस ना?"

"वेडे!" आत्याने तिला दोन्ही हातांनी ओढून जवळ घेतलं. "अगं, देवाने माझ्या गळ्यात घातली असतीस ना, तर ओझं झाली असतीस! जे गळ्यात पडतं तेही माणूस सांभाळतं गं, पण ओझं म्हणूनच सांभाळतं. तुला मी घेतलं. कोणी घे म्हटलं नव्हतं. टोपलीतून या हातांनी उचललं. ते माझ्याकडून कोणी काढून घेतलं की मला वाटतं, माझं तुझ्यावरचं प्रेमच काढून घेतायत. म्हणून तोल गेला माझा."

चिमणी तिच्या मांडीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. मग हळूच म्हणाली,

"मग मीही तसंच करते. माझ्या मनाने राहते."

"तुझ्या मनाने?"

चिमणी गोणपाटाचा एक धागा ओढत राहिली. "मला कळत नाहीये, आत्या. गच्चीवर गेले की वाटतं, जावं. आजोबांना घास भरवताना वाटतं, कशी जाऊ? मी प्रार्थना केली, काहीच कळत नाही. तू सांग ना! तू जा म्हणालीस तर जाईन, राहा म्हणालीस तर राहीन. तू सांगशील ते डोळे झाकून करेन. सांग ना गं!"

आत्याच्या ओठांवर शब्द आले. 'जा, पोरी! पाखरासारखी उडून जा!' असं एका बाजूने काळीज ओरडत होतं. आणि त्याच काळजाचा दुसरा कोपरा म्हणत होता, 'नको जाऊस... तू गेलीस तर या घरात मी कोणासाठी दिवा लावू?' दोन्ही खरं होतं. यातला एक शब्द तिने उच्चारला असता तर पोरीने तो शिरोधार्य मानला असता. आणि मग? मग बेटावर एकटं वाटलं की म्हणाली असती, आत्याने पाठवलं. किंवा घरात कोंडल्यासारखं झालं की म्हणाली असती, आत्याने ठेवलं. जाणं काय, राहणं काय, तिचं राहिलंच नसतं!

आत्याने ओठ घट्ट मिटले. समोर तिच्या जिवाचा तुकडा आसुसून तिच्याकडे पाहत होता, आणि प्रेम उतू चाललेलं असताना गप्प बसणं किती, किती कठीण असतं ते तिला त्या क्षणी कळलं... आणि कळताच तिच्या सर्वांगावर शहारा आला.

असंच बसला होता का देव? त्या दुपारी, वर, मी रडत असताना? ऐकत नव्हता म्हणून नाही, टाकून दिलं होतं म्हणून नाही, तर असाच... ओठ मिटून, काळीज हातात धरून? त्याने 'राहा' म्हटलं असतं तर मी आज्ञा पाळली असती. चोख पाळली असती! पण मग चिमणीला उचललेले हात माझे नसते, त्याचे असते. त्याने माझं देणं माझ्याचजवळ राहू दिलं. आणि मी त्यालाच इतकी वर्षं मुका म्हणत आले!

तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. चिमणी घाबरली. "आत्या, काय झालं? मी काही चुकीचं बोलले?"

"नाही गं राणी." आत्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला. "मी सांगणार नाही. जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. रागावू नकोस माझ्यावर. तू जे ठरवशील त्याला माझा आशीर्वाद आहे. आत्ताच, तू ठरवायच्या आधीच आहे. आता वर जा, आणि गच्चीवर जाऊन बस."

चिमणी गेली. जाताना ती जरा रुसलेलीच होती. आत्याला ते दिसलं, आणि त्या रुसण्याची तिला इतकी जुनी ओळख होती की रडता रडता तिला हसूच फुटलं.

*

दिवेलागणीच्या सुमारास दादा खाली आला. इकडची खुर्ची तिकडे केली, डब्यातल्या चुका उगाच खाली-वर केल्या. दादाला क्षमा मागायची असली की तो नेहमीच असा वस्तूंशी खेळत बसे.

"छोटे," तो शेवटी म्हणाला, "त्या दुपारी तू दार लावून बसली होतीस ना... मी जिन्यात उभा होतो."

आत्याने मान वर केली.

"मला ऐकू येत होतं तुझं रडणं. वर येऊन सांगायचं होतं, 'तू जा, माझ्या मुलीचं मी बघेन.' चार पायऱ्या चढलोही. पण मला भीती वाटली गं! तू खरंच गेलीस तर काय? म्हणून तसाच माघारी फिरलो. मग तू खाली आलीस आणि पोरीला उचललंस, आणि मी..." त्याने हातातली चूक डब्यात टाकली. "तुझे उपकार मानायचे तर तुझ्यासमोर मान वर करता आली नसती. काकू म्हणाल्या देवाची योजना, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाचं देणं कोणाला फेडावं लागत नाही. बहिणीचं कसं फेडू?"

"फेडायचं कशाला?" आत्या म्हणाली. "नुसतं 'तू केलंस' म्हण की."

दादा तिच्यासमोर खाली बसला. पन्नाशी उलटलेला, केस पांढरे झालेला तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला. "तू केलंस, छोटे. तू! माझं घर तू उभं ठेवलंस. माझ्या लेकीची आई तू झालीस. मी कृतघ्न नाही गं, मी भित्रा होतो!"

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. साठलेलं सगळं वाहून गेलं होतं. आता तिथे स्वच्छ जागा होती.

"मीही दुपारी अर्धंच बोलले, दादा. योजना नव्हती असं नाही म्हणायचं मला. असेल. तुझ्या जिन्यातल्या भीतीतूनसुद्धा त्याने काहीतरी चांगलंच विणलं. पण त्या योजनेत माझा होकार होता ना, तो त्याने आधी लिहून ठेवलेला नव्हता. त्या जागी तो थांबला होता... माझी वाट बघत. एवढा मोठा देव, आणि माझ्यासारखीसाठी थांबला! यापेक्षा मोठा मान कोणता?"

दादाने बाहीने डोळे पुसले. "हे मला नीट कळलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण ऐकायला बरं वाटलं."

दोघंही हसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी तात्यांच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. रात्रभर झोपली नसावी, पण चेहरा धुतल्या आकाशासारखा लख्ख होता.

"आजोबा, मी जातेय. मला कोणी पाठवत नाहीये. मला जायचंय. तुम्हाला सोडून जाताना मला खूप वाईट वाटणार आहे, आणि तरीही मला जायचंय."

तात्यांचा उजवा हात तिच्या गालापर्यंत गेला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"ढग... बघ," ते म्हणाले. "नीट... बघ. चुका... नको."

घरात असं हसू उसळलं की तात्याही वाकड्या ओठांनी खूश होऊन हसत राहिले.

"पण आजोबांचं कोण करणार?" चिमणीने विचारलं.

"मी," दादा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून न घेतलेला माणूस! "रात्रपाळी सोडतो. शिकेन सगळं. छोटी दाखवेल. आणि हे देवाने माझ्यावर टाकलंय म्हणून नाही हं," तो बहिणीकडे बघत म्हणाला, "मी घेतोय."

चिमणीने तिथेच उभं राहून केंद्राला फोन लावला.

ती निघाली त्या दिवशी वारा होता. बस हलायच्या आधी तिने खिडकीतून आत्याचा हात घट्ट धरला. 

"तू त्या दिवशी काहीच सांगितलं नाहीस," चिमणी म्हणाली, "तेव्हा मला तुझा इतका राग आला होता! गच्चीवर बसून तुला नावं ठेवली मी. मग कधीतरी कळलं, मला एवढं मोठं आजवर कोणीच मानलं नव्हतं." आणि मग, बस सुरू होता होता, ती ओरडली, "थँक्यू, आई!"

आयुष्यात पहिल्यांदा. आणि तेही कोणी न सांगता!

घरी परतल्यावर आत्या वरच्या खोलीत गेली. पलीकडून न्हाणीघरातून आवाज येत होते. दादा तात्यांना अंघोळ घालत होता, पाणी सगळीकडे उडत होतं, आणि तात्या अडखळत्या जिभेने त्याला अस्सल शिव्या देत होते. ती देवापुढे बसली. मागायला काही नव्हतं. तिने वहिनीचे आभार मानले, एवढी गोड ठेव मागे ठेवल्याबद्दल. पुलांवरच्या त्या भल्या माणसाचे मानले, रस्ता न अडवल्याबद्दल. दादाचे मानले, तात्यांचे मानले, काकूंचेसुद्धा मानले. आणि त्याचे मानले, मनाच्या अगदी तळापासून, त्या दुपारी न बोलल्याबद्दल.

मग दार नीट लावलेलं आहे ना ते एकदा पाहून, जरा लाजतच, तिने थोडे स्वतःचेही आभार मानले. वर कोणी रागावल्याचं काही जाणवलं नाही.